बिननेटच्या बारा मशीन

आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एखादी मशीन बंद पडली की दोन गोष्टी मागे राहतात. एक काळा पडदा आणि एक किस्सा. पडद्याचं काम मी संध्याकाळपर्यंत कसंतरी उरकतो. किस्सा तसाच राहतो, कारण तो दुरुस्त करायला कोणी सांगत नाही. सहा वर्षांत असे इतके जमले आहेत की डोक्यात दुसरं काही ठेवायला जागा उरलेली नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून काढतो.

इन्स्टिट्यूट खामगावात आहे, वानखडे सरांचं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा तिथे टाइपरायटर होते, आणि त्यांना तेलपाणी करायला सरांचा भाचा गौरव मला घेऊन आला. पुढे सरांनी एका बँकेच्या भंगारातून बारा जुने कॉम्प्युटर आणले. गौरव तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने बाराही मशीनवर लिनक्स टाकलं, म्हणजे मशीन चालवणारी सिस्टीम. फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशीनवरही चालतं. दोन महिन्यांनी त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "पाहून घेशीन गजू. काही नाही त्यात."

त्यात काय होतं ते मला पुढची सहा वर्षं कळत राहिलं.

यंदा जूनमध्ये सर म्हणाले, "गजू, पालक विचारतात, लॅब कोण पाह्यते. मी काय सांगू, नववीवाला? दिवाळीनंतर डिप्लोमावाला पाहू एखादा. तोवर मशीन चालू ठेव." सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. पण इथून निघालो तर माझ्यासाठी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ढकलायचं काम तेवढं आहे, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

*

ज्यांना लिनक्स माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे प्रोग्रॅम पॅकेज म्हणून येतो, म्हणजे बांधलेली पेटी. पेटीवर लिहिलेलं असतं की ही उघडण्याआधी घरात आणखी काय काय असायला पाहिजे. पेट्या आणणारा, उघडणारा आणि कोण कोणाच्या भरवशावर आहे हे लक्षात ठेवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. तो पॅकेज मॅनेजर. नेट असलं की तो सगळं आपलं आपण आणतो.

आमच्या लॅबमध्ये नेट नाही. सरांचा नियमच आहे. "नेट आलं की पोट्टे रील पाह्यतात, बोटं जागच्या जागी राह्यतात."

म्हणून पेट्या मी पेन ड्राइव्हवर आणायचो, शेगावहून. माझा मित्र इरफान तिथल्या एका लॉजच्या काउंटरवर असतो आणि लॉजला दिवसभर वायफाय असतं. तेव्हा माझ्याकडे बटणांचा फोन होता.

पहिल्यांदा टायपिंगचा वेग मोजणारा एक प्रोग्रॅम आणायचा होता. सोमवारी एसटीने शेगावला गेलो, पॅकेज घेतलं, खामगावला येऊन मशीनला लावलं. मशीन म्हणाली, याच्या आधी अमुक एक पाहिजे. बुधवारी परत गेलो आणि ते अमुक आणलं. मशीन म्हणाली, अमुक बरोबर आहे, पण त्याच्या आधी तमुक पाहिजे, आणि तेही नव्या आवृत्तीचं.

इरफानला हे सांगितलं. तो गिऱ्हाइकाला खोलीची चावी देता देता म्हणाला, "यार, हे तर लग्नासारखं आहे. जावयाले बोलावलं तं तो म्हणते साडू पाहिजे. साडू म्हणते सासऱ्याशिवाय येत नाही. तू डायरेक्ट सासऱ्याले काऊन नाही बोलावत?"

"सासरा कोण ते जावई आल्यावरच समजते."

शुक्रवारी सासरा घेऊन आलो. मशीन म्हणाली, हा नव्या मशीनसाठी बनलेला आहे, माझ्यासाठी नाही. आमच्या मशीन बत्तीस बिटच्या, मी चौसष्टचं उचलून आणलं होतं.

रविवारी चौथ्यांदा लॉजवर पोचलो, तर लॉजचे मालक स्वतः काउंटरवर बसले होते. त्यांनी मला बघितलं, उठून उभे राहिले आणि बाजूच्या म्हाताऱ्या पाहुण्यांना म्हणाले, "हा पोरगा पाहा. दर दोन दिवसाले खामगावहून दर्शनाले येते. ह्या वयात अशी भक्ती कोठी पाह्यली?"

पाहुण्यांनी हात जोडले. चार फेऱ्यांत मी मंदिराच्या बाजूला वळलोही नव्हतो. त्या दिवशी आधी रांगेत उभा राहिलो, मग पॅकेज घेतलं. ते पहिल्या झटक्यात बसलं. तेव्हापासून इरफान मला आधी रांगेतच पाठवतो.

*

पॅकेज मॅनेजरची एक शिस्त आहे. एका वेळी एकच जण काम करणार. कोणी आधीच काही बसवत असेल तर तो दाराला कुलूप लावतो आणि दुसऱ्याला बाहेर थांबवतो.

हे मला माहीत नव्हतं. एका दुपारी पाच नंबरच्या मशीनवर मी काहीतरी बसवायला गेलो, तर संदेश आला की कुलूप दुसऱ्याकडे आहे, थांबलो आहे. मला वाटलं, असेल कोणाचं काम, होईल. मी थांबलो.

अडीचला बसलो होतो. साडेचारला सर आले.

"काय करून राह्यला बे?"

"नंबर लावला आहे, सर."

"कोणाच्या मागं?"

मी पडद्याकडे बोट केलं. सरांनी चष्मा वर करून वाचलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, खरंच बघितलं, आणि म्हणाले, "इथी तर कोणी नाही."

नंतर कळलं की मशीन सुरू झाल्यावर आपोआप अपडेट शोधणारा एक प्रोग्रॅम कुलूप लावून आत बसला होता आणि नेट यायची वाट बघत होता. तो नेटसाठी थांबला होता, मी त्याच्यासाठी. मी आलो नसतो तर तो अजूनही बसला असता. आणि सर आले नसते तर मीही.

*

वैशालीताई आमच्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर सात वर्षांनी टायपिंग शिकायला आल्या, कारण त्यांना क्लार्कची परीक्षा द्यायची होती. सर प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात: "समोर जे दिसते ते टाइप करा. त्याचा अर्थ काय ते पाहू नका. अर्थ पाह्यला की वेग गेला." वैशालीताईंनी हे जितकं मनावर घेतलं तितकं कोणीच घेतलं नाही.

सात नंबरच्या मशीनची डिस्क भरली होती. मी नको असलेली पॅकेजेस काढत होतो आणि थकून एक नाव चुकीचं लिहिलं. ते पॅकेज काढलं तर मशीनच उरणार नाही, असं ते पॅकेज होतं. अशा वेळी पॅकेज मॅनेजर नुसतं हो किंवा नाही विचारत नाही. तो सांगतो की हे धोक्याचं आहे, तरी करायचंच असेल तर हे वाक्य जसंच्या तसं लिहा. आणि खाली इंग्रजीत वाक्य येतं: 'येस, डू ॲज आय से!' म्हणजे, हो, मी सांगतो तसं कर. माणूस एवढं लिहीपर्यंत शुद्धीवर येईल, अशी ती सोय आहे.

मी शुद्धीवर आलो. रद्द करणार, तेवढ्यात सरांनी बाहेरून हाक मारली. पाणी आलं होतं, टाकीचा पाइप धरायचा होता. मी तसाच उठलो.

परत आलो तर वैशालीताई सात नंबरवर बसलेल्या. पडद्यावरून ओळी सरसर वर जात होत्या. मी काही बोलायच्या आत त्या थांबल्या आणि मशीनही थांबली.

सर आत आले. सात नंबर काळी पडली होती. "काय झालं?"

"सर, एक वाक्य आलं होतं," ताई म्हणाल्या, "ते टाइप केलं."

"पूर्ण केलं?"

"हाव. पहिलं अक्षर कॅपिटल, मंधातला स्वल्पविराम, शेवटचं चिन्ह."

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मशीनकडे. चाळीस वर्षांची सवय अशी जात नाही. त्यांनी विचारलं, "चुका किती?"

"एकही नाही, सर."

"मग ठीक आहे," सर म्हणाले, आणि बाहेर गेले. सात नंबर परत उभी करायला मला दोन दिवस लागले.

*

पेन ड्राइव्हच्या फेऱ्यांना मी कंटाळलो तेव्हा इरफाननेच सुचवलं की एकेक पेटी कशाला नेतो, गोदामच घेऊन जा. सगळी पॅकेजेस एका हार्ड डिस्कवर उतरवून घेता येतात, मग मशीनला सांगायचं की नेट नाही, गोदाम हेच.

त्याने लॉजच्या काउंटरखाली हार्ड डिस्क लावून दिली. अकरा दिवस उतरवणं चालू होतं. चौथ्या दिवसापासून पाहुण्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. व्हिडिओ कॉल लागत नाही, परतीचं रिझर्व्हेशन होत नाही. इरफान सगळ्यांना सांगायचा, "गर्दी आहे, साहब. गुरुवारी असंच असते."

एकाने शनिवारी विचारलं, आज तर शनिवार आहे. इरफान म्हणाला, "परवाच्यापेक्षा कमी आहे ना?"

अकराव्या दिवशी मी डिस्क घ्यायला गेलो तेव्हा तो काउंटरवर डोकं टेकून बसला होता. "गजू, एक सांग. ह्यातले किती पॅकेज लागतात तुले?"

"चौदा."

त्याने डोकं वर केलं. "आणि बाकीचे हजारो?"

"ते चौदा कोणाकोणाच्या भरवशावर उभे आहेत ते अजून पुरतं माहीत नाही."

त्याने डिस्क कागदात गुंडाळून दिली. "घरच्यांसारखंच आहे तुझं लिनक्स," एवढंच म्हणाला.

*

जूननंतरचा हा किस्सा सांगावा की नाही, याचा मी विचार केला. पण तोही याच खोलीतला आहे.

एखादं पॅकेज स्वतः मागवलेलं असतं. एखादं दुसऱ्याच्या मागे आलेलं असतं. पॅकेज मॅनेजर दोघांची नोंद वेगळी ठेवतो. ज्याच्या मागे आलं तो निघून गेला, की मागे राहिलेल्याचं नाव एका यादीत येतं: ही पॅकेजेस आता कोणालाच लागत नाहीत, काढता येतील.

ऑगस्टमध्ये बाराही मशीनवर ती यादी येऊ लागली. मी ती बघायचो आणि पुढे जायचो. एक दिवस सर पाठीमागे उभे होते.

"काय लिहिलं आहे?"

मी वाचून दाखवलं.

"मग ठेवलं काऊन? लागत नाही तर काढून टाक."

"सर, कामाचं असते कधीकधी. फक्त मशीनले तसं वाटत नाही."

"मशीन काय खोटं सांगते? काढ."

मी काढलं, बाराही मशीनवरून. माझ्याकडून नाही म्हणणं झालं नाही. दुपारी तीनला मराठीची बॅच आली, दहा बोटांच्या जागी दहा बोटं ठेवून बसली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. मराठी कळफलकाचं पॅकेज गौरवने टाकलेल्या एका मोठ्या पॅकेजच्या मागे आलं होतं. ते मोठं पॅकेज मीच मागे कधीतरी काढलं होतं.

गोदामातून परत बसवायला संध्याकाळ झाली. सर तोवर आपल्या टेबलाशीच बसून होते, घरी गेले नाहीत. शेवटची मशीन झाल्यावर म्हणाले, "आता ते पुन्हा यादीत येईन का?"

"नाही सर. ह्या बारीला नावानं बोलावलं आहे."

ते उठले. दाराला कुलूप मी लावलं.

*

दिवाळी झाली आणि डिप्लोमावाला आला. अकोल्याहून, अक्षय नाव. इस्त्रीचा शर्ट, चांगला मुलगा, मला आल्या आल्या "दादा" म्हणाला. एकची बॅच सुटली होती. खोलीत सर, तो आणि मी, तिघंच.

सकाळी आल्या आल्या सांगितलेलंच सर मला परत म्हणाले, "तू तिकडं बस. आज मशीनले हात लावू नको, आणि काही सांगू नको. त्याले पाहू दे."

मी शेवटच्या बाकावर बसलो. फोन बाकावर ठेवला. वर्षभरापूर्वी मी साधा स्मार्टफोन घेतला आहे.

सरांनी चार नंबरच्या मशीनवर एक पॅकेज बसवायला सांगितलं आणि त्या दिवसापुरतं अक्षयला त्याच्या फोनचं नेट वापरू दिलं. त्याने सरळ काम सुरू केलं. मशीनने नकार दिला. पॅकेजेसची यादी वैध नाही, असं काहीतरी म्हणत होती. त्याने परत केलं. परत तेच. त्याने नेट बंद करून चालू केलं, मशीन बंद करून चालू केली. पाऊण तास गेला. त्याच्या कपाळावर घाम आला. मला फार वाईट वाटत होतं, पण मला बोलू नको म्हटलेलं होतं, आणि तसंही माझ्याकडून बोलणं झालं नसतं.

"सर, एक मिनिट," तो म्हणाला. "आमचा एक लिनक्सचा मराठी ग्रुप आहे. तिथे टाकतो." त्याने पडद्याचा फोटो काढून पाठवला.

माझा फोन बाकावर थरथरला.

त्या ग्रुपवर मी वर्षभर आहे. तिथे बोलावं लागत नाही, लिहावं लागतं, म्हणून मला जमतं. लोक विचारतात, मी येत असेल तर उत्तर देतो. स्वतःचं नाव लिहायला लाज वाटली होती आणि तेव्हा समोर माझी सायकल उभी होती, म्हणून तिथलं माझं नाव 'सायकल' आहे. मी फोन उघडला. फोटोत आमची चार नंबर होती, कोपऱ्यात सरांनी खडूने काढलेल्या आकड्यासकट.

आमच्या मशीनचे आतले सेल कधीचे संपले आहेत. बंद केल्या की तारीख विसरतात आणि दहा-पंधरा वर्षं मागे जातात. मग आजची यादी त्यांना पुढच्या काळातली वाटते आणि त्या ती मानत नाहीत. रोज सकाळी आल्यावर मी बाराही मशीनच्या तारखा लावतो. त्या दिवशी हात लावू नको म्हटल्यामुळे लावल्या नव्हत्या.

मी लिहिलं, 'मशीनची तारीख काय आहे ते आधी बघा.'

"सायकल सरांचं उत्तर आलं," अक्षय म्हणाला. त्याचा चेहराच बदलला. तारीख बघितली, बदलली. पॅकेज अर्ध्या मिनिटात बसलं.

सर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "हा सायकल कोण आहे?"

"माहीत नाही सर. ग्रुपवर सगळे त्यांनाच विचारतात. मोठ्या कंपनीत असतील, पुण्याबिण्याला."

"फोटो पाहून सांगतलं त्यानं?"

"हो सर. मशीन न बघता."

सरांनी त्याच्या फोनवरचं उत्तर स्वतः वाचलं. मग म्हणाले, "विचार त्याले, खामगावले येईन का. आठवड्यातून दोन दिवस आला तरी चालते."

अक्षयने लिहिलं. बाकावर फोन थरथरला. लाकडी बाक आहे, आवाज जरा मोठा होतो. सरांनी मान वळवली नाही, पण पाठ ताठ केली.

"थांब," ते म्हणाले. "आधी शिक्षण विचार."

अक्षय संकोचला. "सर, बरं दिसत नाही असं विचारणं."

"विचार."

त्याने विचारलं. फोन पुन्हा थरथरला. मी तो हातात घेतला. लिहायला एकच शब्द होता, तरी माझी बोटं बराच वेळ जागच्या जागी राहिली. मग मी लिहिलं, 'नववी.'

अक्षय मोठ्याने हसला. "मस्करी करतात, सर. नववी म्हणे."

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि खुर्ची पूर्ण फिरवून शेवटच्या बाकाकडे तोंड केलं. माझ्याकडे बघत अक्षयला म्हणाले, "पास का नापास, तेवढं विचारून घे."